बाबांच्या आवाजाचा नमुना

एप्रिलमध्ये नागपुरात भरदुपारी कूलर बंद करायला सांगणं म्हणजे घरात भांडण ओढवून घेणं. तरी मी तो बंद केला. नुसता आमचाच नाही, शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांनाही थोडा वेळ बंद ठेवा म्हणून विनवलं. प्रतापनगरच्या आमच्या फ्लॅटची बैठकीची खोली आणि त्यांची खिडकी यांच्यात जेमतेम हातभर अंतर. त्यांचा कूलर सुरू असला की आमच्याकडे बसलेल्या माणसाला मोठ्याने बोलावं लागतं. काकूंनी घाबरून विचारलं, "काहून वं, काही झालं का?" मी म्हटलं, "नाही काकू, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून राहिली." त्यांना काही समजलं नसावं, पण त्यांनी बटण दाबलं.

बाबा बनियनवर, खांद्याला पंचा टाकून, लॅपटॉपसमोर खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या बनियनला छोटा माइक अडकवला. त्यांनी वाचायचं वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलंच नाही. घसा खाकरून, लॅपटॉपच्या पलीकडे कोणी माणूस बसला आहे असं समजून ते म्हणाले, "हं, चालू झालं का? मी बोलून राहिलो बरं. आयकू येते का तुम्हाले तिकडे? नसन येत तं सांगा, पुन्हा बोलतो."

मला हसू आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराने वारा घेत उभी होती, तीही हसली. मला एका प्रोग्रामच्या तपासणीसाठी फक्त कुणीतरी स्वच्छ मराठी बोललेलं हवं होतं, वाक्य कोणतं याला महत्त्व नव्हतं. म्हणून मी तेच ठेवलं आणि कूलर सुरू केला.

बाबांना जिभेचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी औषधांनी गाठ थोडी आटवून पाहू, मग ऑपरेशन करू, आणि ऑपरेशनमध्ये बरीचशी जीभ काढावी लागेल. खाण्यापिण्याचं ते नीट समजावून सांगत होते, नळी किती दिवस, पातळ कधीपासून. बोलण्याचं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरच्यांना सवयीने थोडंफार कळेल." ते थोडंफारही पुढे खरं ठरलं नाही.

माझ्या बाबांचा आवाज म्हणजे काय होता हे सांगायला हवं. आमचं मूळ घर विणकरांच्या वस्तीतलं. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा तीही सुताच्या कांड्या भरायला बसली. माग पुढे बंद पडले आणि बाबा लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत कामाला लागले. गिऱ्हाइकाला सागवान दाखवायचं, भाव सांगायचा, सौदा करायचा. मागाच्या खटखटीत वाढलेला आणि लाकूड कापणाऱ्या आरामशिनीच्या शेजारी नोकरी केलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. ते फोनवर बोलायला लागले की आई म्हणायची, "फोन कायले धरला? तसंच बोला ना, सक्करदऱ्यापर्यंत आयकू जाते." शाळेत असताना मला त्या आवाजाची लाज वाटायची. मग सवय झाली. मग, आवाज जाणार हे कळल्यावर, मी ऑफिसच्या बसमध्ये बसून तो आठवून पाहायचे आणि तो घरात रोज ऐकू येत असतानाही आठवायचा नाही.

वखारीच्या फाटकालाच खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारी घोटून देणारा, ठेला होता. त्यावर आता बोलून काय होणार? पण राग येतो. आजही त्या रस्त्याने गेले आणि पन्नीत खर्रा घोटणारी माणसं दिसली की मला ओरडावंसं वाटतं, आणि मी न ओरडता पुढे जाते.

मी मिहानमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आम्ही तिथे परदेशातल्या विम्याच्या कामाचे प्रोग्राम सांभाळतो. त्यात कोणाच्या आवाजाचा काही संबंध नाही. पण कॉम्प्युटरवाल्या माणसाला संकट आलं की तो आधी कॉम्प्युटरकडेच धावतो, तशी मी धावले. शोधता शोधता एक प्रोजेक्ट सापडला. जगभरातल्या लोकांनी मिळून, फुकट, हौसेने बनवलेला. ज्याचा आवाज जाणार आहे त्याने आधीच काही शे वाक्यं वाचून ठेवायची. त्यातून तो प्रोग्राम त्या माणसाचा आवाज तयार करतो. नंतर माणसाने टाईप करायचं आणि प्रोग्रामने ते त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलायचं. मी तिथले नमुने ऐकले. कोण्या परदेशी बाईचा आवाज होता, जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण तो तिचाच होता हे कळत होतं. मी त्या दिवशी घरी येऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, "काय झालं, पगार वाढला का?"

मग मी भाषांची यादी पाहिली. मी कधी नावंही न ऐकलेल्या भाषा त्यात होत्या. मराठी नव्हती. हिंदीही नव्हती, म्हणजे भांडायलाही जागा नव्हती.

या ओपन सोर्सच्या जगाची रीत अशी आहे. प्रोग्रामचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. कोणीही घ्यावा, बदलावा, आणि आपला बदल 'हा आत घ्या' अशी विनंती करून परत पाठवावा. आत घ्यायचा की नाही हे मात्र प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस ठरवतो. मराठी नाही ना, मग मी घालते, एवढंच मला त्या वेळी वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा माझ्या घराला काही उपयोग होणार होता.

जेवताना मी हे घरी समजावून सांगितलं तेव्हा बाबा घास तोंडात फिरवत म्हणाले, "तो फुकट करते, तू फुकट करून राहिली, मंग परवानगी कायची लागते वं?"

माझ्याआधी आईनेच उत्तर दिलं. "देवळातल्या भंडाऱ्याच्या जेवनासारखं हाय ते. भाजी साऱ्यायनं चिरली तरी मीठ एकच माणूस टाकते."

"अन् तो मीठ टाकनारा आलाच नाही तं?"

"येते ना. न येऊन जाईन कुठी?" आई म्हणाली आणि त्यांच्या वरणात आणखी पाणी घातलं.

ऑफिसातून आल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि काम करायचं, असा माझा नेम झाला. कोणत्या अक्षराचा उच्चार कसा होतो ते त्या प्रोग्रामला शिकवायचं होतं. ळ म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. चहातला च आणि चटणीतला च वेगळे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग मराठीतले सगळे आवाज येतील अशी वाक्यं जमवायची होती. बाबा बाजूला बसून असायचे. मी एखादा शब्द विचारला तर तो म्हणून दाखवायचे, आणि म्हणताना त्यांच्या गालाची शीर ओढली जायची. बोललं की दुखायचं. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हटलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की वाक्यांची यादी तिकडून पक्की होऊ द्यायची आणि मग एकदाच सगळं वाचायचं. चुकीची यादी आधी वाचून घेतली आणि ती पुन्हा वाचायची वेळ आली, तर तेवढा त्रास आणायचा कुठून? शिवाय आवाज तयार करायला जी मोठी यंत्रं लागतात ती प्रोजेक्टकडेच होती, आणि तिथे आत घेतलेल्या भाषेलाच प्रवेश होता. माझ्या लॅपटॉपच्या बापालाही ते जमलं नसतं.

तर अशी सगळी तयारी झाली, कूलर बंद करून बाबांच्या आवाजाचा तो नमुना घेतला, तोही कोडसोबत जोडला आणि मी विनंती पाठवली. मराठीसाठीची पहिली विनंती. खाली माझं नाव दिसत होतं. बाबांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाले, "बेस."

दिवस गेले, उत्तर नाही. प्रोजेक्टच्या पानावर लिहिलेलं होतं की इथे सगळे आपला वेळ काढून काम करतात, कृपया धीर धरा. मी धीर धरला. मग मला वाटलं, एकदा आठवण करून द्यावी. तसं बाबांना म्हटलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"भाव सांगतला ना एक डाव? आता चूप राह्य."

ही वखारीतली विद्या होती. मी लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा हे पाहिलेलं आहे. गिऱ्हाईक सागवानावर हात फिरवायचं, ठोकून पाहायचं, भाव विचारायचं. बाबा सगळ्या वखारीला ऐकू जाईल असा भाव सांगायचे आणि मग एकदम गप्प. पंख्याकडे पाहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, दोन पावलं बाहेर जाऊन परत यायचं, काहीतरी पुटपुटायचं. बाबा पंख्याकडेच. पुन्हा तोंड उघडलं की गरज आपली आहे हे समोरच्याला कळतं, मग तो आपल्याला दाबतो, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्याची सगळी इज्जत गप्प बसण्यात होती. लकडगंजात म्हणे या गोष्टीसाठी लोक त्यांना मानायचे.

मलाही ते पटलं. सौदा म्हणून नाही, पण जो माणूस फुकट काम करतो त्याच्या दारात पुन्हा पुन्हा कडी वाजवायची, हे आमच्या घरात बसत नाही. कोणाकडे काही मागितलं की एकदाच मागायचं, हे आम्ही तिघंही मानत आलो.

रोज सकाळी मी बससाठी निघताना बाबा विचारायचे, "बोलला का तो?"

"नाही बाबा."

"बोलन. तू काही लिवू नको."

एकदा जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्या प्रोजेक्टचा निरोप दिसला. घास तसाच ठेवून मी तो उघडला. लिहिणारा माणूस नव्हता, मशीन होतं. तिथे एक बॉट ठेवलेला असतो. त्याचं काम एवढंच, की ज्या विनंतीवर बरेच दिवस कोणी काही बोललेलं नाही ती शोधायची आणि बंद करायची. त्याने लिहिलं होतं की या विनंतीवर काही हालचाल दिसत नाही, त्यामुळे आता यात कोणाला रस उरलेला नाही असं समजून ती बंद करण्यात येत आहे. शेवटी आभार मानले होते.

मी परत एकदा वाचलं. कॅन्टीनमध्ये माझ्या आजूबाजूला लोक सुट्ट्यांचे बेत ठरवत होते. मला त्या बॉटची कॉलर धरावीशी वाटली, आणि त्याला कॉलर नव्हती.

घरी आल्यावर बाबांना सांगणं भाग होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मशीन हाय का तो?"

"हो."

"म्हंजे आपन चूप होतो म्हून बंद केलं?"

"हो बाबा. कोणी काही बोललं नाही की ते बंदच करतं."

"अन् बोललो अस्तो तं?"

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. त्यांना कळलं. बराच वेळ ते पंख्याकडे पाहत राहिले, पण या वेळी सौदा समोर नव्हता. मग म्हणाले, "लकडगंजात असं नाही करत कोनी. गिऱ्हाईक उठून गेलं तरी वखार उघडीच राह्यते." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा अपमान ऐकला. आईने त्यांच्यासमोर ताकाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "बोलू नका आता, दुखन."

त्याच संध्याकाळी मी सगळा मान-बिन बाजूला ठेवून त्या सांभाळणाऱ्याला लांबलचक लिहिलं. वडिलांना काय झालंय, ऑपरेशन कधी आहे, आवाज कधी जाणार आहे, सगळं. अनोळखी माणसासमोर पदर पसरल्यासारखं वाटत होतं आणि तरी मी लिहीत गेले.

रविवारी त्याचं उत्तर आलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. त्याने माफी मागितली. हे सगळं तो एकटाच सांभाळतो, नोकरी करून, फक्त रविवारी. विनंती त्याने लगेच परत उघडली. काम चांगलं आहे म्हणाला. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती निघायची होती आणि ती निघेपर्यंत कोणतीही नवी भाषा आत घेता येत नव्हती. कारण त्यात काही बिघडलं, तर ज्या लोकांचं बोलणं आजच या प्रोग्रामवर चालतं त्यांचं बोलणं बंद पडेल. काही आठवडे लागतील, त्याने लिहिलं, मला खरंच वाईट वाटतं.

आता याला काय उत्तर देणार? माझ्या बाबांसाठी दुसऱ्या कोणाच्या बाबांचा आवाज धोक्यात घाला, असं लिहायचं? मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. शेवटी 'समजू शकते, धन्यवाद' एवढं लिहिलं. खरं तर मला काहीही समजून घ्यायचं नव्हतं.

मे निम्मा झाला आणि डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की औषधांनी गाठ आटलेली नाही, उलट वाढली आहे. थांबण्यात अर्थ नाही, लगेच भरती करा.

मग मात्र यादी पक्की असो की नसो, मी बाबांना फोनसमोर बसवलं. मी म्हटलं, जेवढी होतील तेवढी वाक्यं वाचा, पुढचं पुढे पाहू. कूलर बंद केला. काकूंचाही बंद करवला. बाबांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य आमच्या कानांना नीट वाटलं. दुसऱ्याला जीभ अडली. तिसऱ्याच्या मध्येच त्यांनी तोंडाला पंचा लावला, आणि पंच्याला लाल दिसलं. घाम त्यांच्या छातीवरून ओघळत होता. ते पुन्हा कागद उचलायला लागले तशी आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः जाऊन कूलरचं बटण दाबलं. जे रेकॉर्ड झालं होतं ते मी त्या प्रोग्रामला ऐकवून पाहिलं. त्याने सगळं नाकारलं. बोलणं स्पष्ट नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी बाबा आणि आई बाल्कनीत बसले होते. ऊन उतरलं होतं. आईने बाल्कनीत पाणी मारलं होतं, आणि बाबा बोलत होते. हळू, थांबून थांबून, पण बोलत होते. मी चहा द्यायला गेले तेव्हा ते आईला म्हणत होते, "तू कांड्या भरत होती ना, तवा तुह्याकडं पाह्यतच नव्हतो मी. मले वाटे, पाह्यलं तं तू उठून जाशीन." आई म्हणाली, "खोटं. रोज पाह्यत होते." मी हळूच फोन काढला. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि नुसती मान हलवली. नको.

मी फोन खिशात ठेवला आणि आत येऊन ओट्याशी उभी राहिले. खूप वेळ दोघांचं चाललं होतं. मधूनच आई हसत होती. शब्द मला ऐकू येत नव्हते. ते ऐकायचा हक्क तिचा होता, हे मला तेव्हाही मान्य होतं आणि आजही आहे. पण माझ्याकडे त्यातला एक शब्दही रेकॉर्ड केलेला नाही, आणि या गोष्टीचं मला आजही रडू येतं.

ऑपरेशन नीट पार पडलं, असं सगळे म्हणाले.

बाबा घरी आले. नळी निघाली, पातळ खाऊ लागले, वजन थोडं भरलं. मी त्यांच्या फोनवर मराठी वाचणारं एक साधं अ‍ॅप टाकून दिलं. आपण टाईप करायचं, ते बोलतं. त्याच्यात एका बाईचा आवाज आहे, बातम्या देणाऱ्या बाईसारखा, गोड आणि कोरडा. बाबांनी पहिल्यांदा टाईप केलं, 'मले पानी दे.' त्या बाईने ते अशा काही थाटात म्हटलं की आईला आधी हसू आलं आणि मग ती उठून आत गेली. बाबांनी आवाज बंद करून टाकला आणि टाईप करून मला दाखवलं, 'ही बाई माह्या घरात नको.' तेव्हापासून ते लिहायचे आणि फोन समोर धरायचे.

फोन धरला की माणसाने थांबून वाचावं लागतं. लोक थांबत नाहीत. भेटायला आलेले लोक बाबांच्या समोरच आईला विचारायचे, जेवतात का, झोपतात का, चिडचिड करतात का. एकदा वखारीचे मालक आले. चांगले गृहस्थ, फळं घेऊन आले होते. ते बाबांशी मोठमोठ्याने बोलत होते, जणू बाबांना ऐकूही येत नाही. बाबा भराभर टाईप करत होते. त्यांचं बोट सरावलेलं नाही, वेळ लागतो. मालक वखारीचं सांगत राहिले, नवीन माणूस ठेवलाय, पण तुमची सर नाही. मग घड्याळ पाहून उठले. बाबांनी फोन वर धरला. मालक तोवर चप्पल घालत होते, आईशी बोलत होते. 'बरं, काळजी घ्या,' म्हणत ते जिना उतरले. बाबा फोन धरून तसेच बसले होते. मी वाचलं. लिहिलं होतं, 'सागवान कोन पाह्यते आता?' मी मालकांच्या मागे धावायला हवं होतं का? मी दारापर्यंत गेले. गाडी सुरू झाली होती.

पोळा होऊन गेल्यावर त्या सांभाळणाऱ्याचा निरोप आला. नवी आवृत्ती निघाली होती. आता मराठी आत घ्यायला तो तयार होता, आनंदाने. फक्त एक बारीकशी दुरुस्ती त्याने सांगितली. तपासणीसाठी जोडलेला आवाजाचा नमुना जरा लांब आहे. प्रोजेक्ट उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला तो सोबत वागवावा लागतो. निम्मा केलात तर बरं.

नमुन्यातला आवाज कोणाचा, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आता सांगून त्याला कानकोंडं कशाला करायचं? आणि सांगितलं असतं तरी फाईल लांबच राहिली असती.

बाबांचा आवाज काढून तिथे माझा घालावा, असं एकदा मनात आलं. पण हात गेला नाही. मी हेडफोन लावून बसले. "हं, चालू झालं का? मी बोलून राहिलो बरं. आयकू येते का तुम्हाले तिकडे? नसन येत तं सांगा, पुन्हा बोलतो." स्क्रीनवर त्या आवाजाची नक्षी दिसते, उंच-सखल. मध्ये, 'तिकडे'नंतर, बाबा श्वास घेतात तिथे ती सपाट होते. मी तिथे कापलं. पुढचा तुकडा माझ्या लॅपटॉपवर आहे, कुठेही गेलेला नाही, हे मी स्वतःला सांगत होते. तरी कापताना बोट थांबलं होतं.

मराठी आत गेली. त्या पानावर हिरवी खूण उमटली. कोणकोणत्या अनोळखी लोकांनी खाली लाल बदामाची खूण टाकली. आता त्या प्रोजेक्टमध्ये कुठेही, कोणीही, कसलाही बदल केला की आधी सगळ्या भाषांचे नमुने एकदा चालवून पाहिले जातात. त्यात बाबाही येतात. बाबा विचारतात, आयकू येते का तुम्हाले तिकडे, आणि मशीन हिरवी खूण करतं. जगात ते रोज कितीदा तरी बोलतात. ऐकणाऱ्या मशीनला त्याचा अर्थ कळत नाही, आणि माणूस तिथे कोणी नसतो.

आणि ज्याचा आवाज जाणार आहे असा कोणताही मराठी माणूस आता तिथे बसून वाक्यं वाचू शकतो. मी केलेली यादी चांगली निघाली. एका मुलीने तिच्या आईसाठी वापरली आणि मला धन्यवाद लिहिले. मी तिचा निरोप वाचला, बरंही वाटलं, आणि फोन उलटा करून ठेवला. मला खरं सांगायचं तर तिचा हेवा वाटला.

रविवारी दुपारी मी बाबांना ते दाखवलं. कूलरचे दिवस संपले होते, घरात शांत होतं. मी लॅपटॉपवर तो नमुना लावला. बाबा पुढे झुकून ऐकत होते. "हं, चालू झालं का? मी बोलून राहिलो बरं. आयकू येते का तुम्हाले तिकडे?" आणि संपलं. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. ते थांबून राहिले, पुढचं येईल म्हणून. मग फोन घेऊन टाईप केलं आणि मला दाखवलं.

'अर्धंच काहून?'

मी सांगितलं. फाईल मोठी होती, त्यांनी कमी करायला सांगितली, तुमचं सगळं माझ्याजवळ आहे, आत्ता लावते. बाबांनी हाताने थांबवलं. भाव सांगून झाल्यावर जसा हात वर करायचे तसा. मग ते खाली मान घालून टाईप करायला लागले. वेळ लागला. मी वाट पाहिली. लिहून झाल्यावर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला नाही. त्यांनी फोनची बाजूची कळ दाबून दाबून आवाज पूर्ण वाढवला, तो फोन लॅपटॉपसमोर टेबलावर ठेवला आणि बोटाने बटण दाबलं.

ती बातम्यांतली बाई खणखणीत आवाजात, एका शब्दाला अडखळत, म्हणाली, "नसन येत तं सांगा, पुन्हा बोलतो."

आतून आईने हाक दिली, "कोन आलं वं?"

"कोनी नाही आई," मी म्हटलं. "बाबाच हायेत."